डिचोलीचे खोबरेल : चुलीपासून न्हाणीपर्यंत

खोबरेल हे खाण्याचे तेल की केसांना लावण्याचे, याचा निकाल लागायला आपल्या देशात पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला. छोट्या बाटल्यांतले आणि पुड्यांतले खोबरेल लोक डोक्याला चोळायलाच विकत घेतात, तेव्हा त्यावर केशतेलाचा कर बसला पाहिजे, असे कर खात्याचे म्हणणे होते. तेल खाण्याजोगे आहे आणि खाद्यतेल म्हणूनच विकतो, असे उत्पादक सांगत होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे यावर एकमत झाले नाही. अखेर १८ डिसेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या त्रिसदस्यीय पीठाने निवाडा दिला. बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केशतेल ठरत नाही. खाद्यतेल म्हणून विकले जाणारे शुद्ध खोबरेल हे खाद्यतेलच. त्या वेळी खाद्यतेलावर ५ टक्के जीएसटी होता आणि केशतेलावर १८ टक्के, म्हणून एवढा खल. सप्टेंबर २०२५ मध्ये केशतेलही ५ टक्क्यांवर आले.

गोव्यातल्या डिचोलीच्या जुन्या घरात हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. तिथे तेल एकच होते. घाण्यावरून आलेला डबा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असे. त्यातूनच सकाळी फोडणी पडे, दुपारी न्हाणीतल्या वाटीत तेल जाई, तिन्हीसांजेला त्यातलेच चार थेंब समईत पडत, आणि रात्री म्हातारीच्या गुडघ्यांनाही तेच लागे. जे तोंडात घालायला चालत नाही ते पोराच्या टाळूवर घालायचे नाही, हा त्या घराचा साधा दंडक होता. या पुस्तिकेत खोबरेलाचे जे रोजचे उपयोग गोळा केले आहेत, ते सगळे या एका दंडकाभोवती उभे आहेत, आणि प्रस्तावनेत मला जे सांगायचे आहे तेही तेच. जेवणाचे तेल वेगळे आणि डोक्याचे वेगळे ही वाटणी दुकानाच्या फळीवर झाली. ती झाली आणि तेलाकडे बघण्याची आपली नजर सैल पडली. डोक्यालाच तर लावायचे आहे, मग कसेही असले तरी चालेल, असे आपण म्हणू लागलो.

डिचोली तालुका समुद्रापासून आत. किनाऱ्यावरच्या गावांसारखी माडांची सलग रांग इथे दिसत नाही. इथला माड कुळागरात वाढतो, पोफळी, केळी, मिरवेल आणि फणसाच्या सोबतीने; किंवा घराच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर. पोर्तुगीजांच्या ताब्यात हा भाग अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत आला. त्याआधी तो सावंतवाडीकर भोसल्यांचा मुलूख, म्हणून डिचोली-पेडण्याचे सोयरेसंबंध, बाजार आणि वाचन-लेखन दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडे जोडलेले राहिले. माडाची ओळख मात्र त्याहून फार जुनी. गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधी द्रव्यांच्या ग्रंथात नारळाला स्वतंत्र संवाद दिला आहे. खोबरे आणि तेल या दोन्हींची दखल त्यात आहे. परदेशी वैद्याला जे साडेचारशे वर्षांपूर्वी नोंदवावेसे वाटले, ते इथल्या बायकांच्या हाताखालून त्याआधी किती पिढ्या गेले असेल!

तेल कसे होते ते समजून घेतल्याशिवाय त्याचे उपयोग समजत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

पाडेली दर दोन-तीन महिन्यांनी माडावर चढतो. पाडलेल्या नारळांतले काही देवाला, काही आमटीला, काही विकायला. उरलेले पक्के नारळ तेलासाठी बाजूला पडतात. हे काम फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंतच्या उन्हात उरकायचे. नारळ सोलून, फोडून वाट्या अंगणात पालथ्या-उताण्या मांडायच्या. दोन-तीन दिवसांत खोबरे करवंटीपासून सुटते. मग त्याचे तुकडे करून पुन्हा ऊन. कावळ्यांवर लक्ष ठेवायला एखादे पोर काठी घेऊन बसवलेले असते. ओल्या खोबऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते, ते पाच-सहा टक्क्यांपर्यंत खाली यावे लागते. तुकडा वाकवला की चिवटपणे लवतो तोवर वाळवण पुरे झालेले नाही; काडकन मोडला की तयार. वाळवण कच्चे राहिले तर बुरशी धरते, आणि बुरशीच्या खोबऱ्याचे तेल लवकर खवट होते. एवढेच नाही, त्यात अफ्लाटॉक्सिनसारखे विषही येऊ शकते. व्यापारी माल पांढराशुभ्र दिसावा आणि बुरशी धरू नये म्हणून खोबऱ्याला गंधकाची धुरी देण्याचा प्रकार आहे. घरच्या खोबऱ्याला तिची गरज पडत नाही. ऊन पुरते.

वाळलेले खोबरे पोत्यात भरून घाण्यावर न्यायचे. पूर्वी बैलाचा घाणा, आता विजेचा. चांगल्या वाळलेल्या खोबऱ्यात वजनाच्या साठ-पासष्ट टक्के तेल असते. किलोभर खोबरे जमायला सहा-आठ नारळ लागतात आणि घाण्यावर त्यातून सहाशे ग्रॅमच्या आसपास तेल हाती येते. उरलेली पेंड गाईला. आणलेले तेल लगेच वापरायचे नसते. चार दिवस तसेच ठेवले की गाळ खाली बसतो, मग वरचे निवळ तेल दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि थोडे ऊन दाखवायचे. पाण्याचा अंश राहिला तर तेल टिकत नाही. ओला चमचा डब्यात बुडवणाऱ्याला घरात बोलणी बसत, ती याच कारणाने.

दुसरे तेल आवेल. ओला नारळ खवायचा, वाटून रस काढायचा, तो कायलीत मंद आचेवर आटवायचा. पाणी उडून जाते, चोथा तांबूस होतो आणि निवळशंख तेल वर येते. चोथा गुळाबरोबर मुलांच्या वाट्याला. हे तेल थोडेच निघते, वास गोड असतो आणि ते मुख्यत्वे तान्ह्या बाळासाठी, बाळंतिणीसाठी राखलेले असते. आज दुकानात ‘व्हर्जिन’ म्हणून ओल्या नारळाचे जे तेल चढ्या भावाने मिळते, त्याचा मूळ विचार हाच. फक्त तिथे उष्णता कमी ठेवतात किंवा यंत्राने दूध आणि तेल वेगळे करतात. ज्या घरात दोन माड आणि एक कायल आहे, त्या घराने हे तेल विकत का घ्यावे, हे मला समजत नाही.

आता स्वयंपाकघर. घाटावरचा पाहुणा पहिल्यांदा डिचोलीत जेवायला बसला की त्याला पानातून डोक्याच्या तेलाचा वास येतो. त्याची चूक नाही. पुण्या-कोल्हापुरात हा वास फक्त वेणीफणीशी जोडलेला. तिथे भाजीत शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल. दोन-चार दिवसांत तो रुळतो, आणि परत गेल्यावर आपल्याकडच्या भाजीला तो वास का येत नाही, अशी तक्रार करतो. खतखत्यालाच हे तेल सर्वात शोभते. चवथीला पाच, सात, जमल्या तर त्याहून अधिक भाज्या, तूरडाळ, नारळाचे वाटण, तिरफळे. आणि सगळे शिजून चुलीवरून उतरताना वरून एक पळी कच्चे खोबरेल. झाकण घालायचे आणि पाच मिनिटे हात लावायचा नाही. तेल इथे शिजत नाही, सुवास देते. सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोलंबीच्या, किसमुरीतही तेच: भाजलेली सुंगटे, खवलेला नारळ, कांदा, चिंच, मिरची आणि शेवटी चमचाभर कच्चे तेल. तेल काढून घेतले तर किसमूर कोरडी आणि उग्र लागते.

फोडणीत खोबरेल मोहरी, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीबरोबर चालते. पेडण्याकडची हरमलची मिरची त्यात पडली तर मग विचारूच नका. नीरफणसाचे काप, सुरणाचे काप, रव्यात घोळवलेला बांगडा तव्यावर याच तेलात परततात. कडा कुरकुरीत होतात आणि तेल जड होत नाही. आंबोळीच्या बिड्याला अर्ध्या कांद्याने तेल पुसतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. घाण्याचे, रिफाइंड न केलेले तेल साधारण १७५ अंश सेल्सिअसच्या सुमारास धुरावू लागते. धूर आला म्हणजे तेल बिघडले. तव्यावर परतण्याला ते उत्तम, मोठ्या आचेवरच्या तळणाला नाही.

यावरून प्रमाणाकडे येतो, कारण आरोग्याचा सगळा वाद तिथेच अडतो. खोबरेलातली सुमारे नव्वद टक्के चरबी संपृक्त आहे, त्यातला निम्म्याच्या आसपास भाग लॉरिक आम्लाचा. संपृक्त चरबीने रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते, आणि म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली खोबरेल वापरू नये असा सल्ला दिला. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून डॉक्टर हे सांगत आले आणि गोव्यातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत रिफाइंड तेलाचे डबे आले. दुसऱ्या बाजूला गेल्या काही वर्षांत खोबरेल रोज चमचे चमचे प्या, त्याने स्मृतिभ्रंशापासून लठ्ठपणापर्यंत सगळे बरे होते, असे सांगणारेही निघाले. ही दुसरी बाजू मला पहिल्यापेक्षा अधिक घातक वाटते. डिचोलीच्या कुठल्याही आजीने तेल प्यायला सांगितलेले नाही. तेल कष्टाचे होते, नारळ विकून मीठ-कापड यायचे, म्हणून पळीने मोजून तेल पडे. सणावाराचे तळण वर्षातून मोजक्या वेळा. उकड्या तांदळाची पेज, मासळी, पालेभाजी, आणि त्यावर दिवसाकाठी माणशी चमचा-दोन चमचे तेल, असे ते जेवण होते. शिवाय दिवसभर अंगमेहनत. ते जेवण सोडून फक्त तेल उचलले तर त्याचे गुण मिळणार नाहीत. हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉल असलेल्यांनी डॉक्टरांचे ऐकावे. बाकीच्यांनी खतखत्यावरची पळी सोडू नये.

न्हाणीत तेलाची बाजू अधिक भक्कम आहे. भाणात पाणी तापत असताना डोक्याला आणि अंगाला तेल जिरवायचे, मग शिकेकाई किंवा साबण. नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडण्याआधी सगळ्या घराला तेल लागते, पण एरवीही आठवड्यातून एकदा हे चालेच. आधी तेल, मग न्हाण, हा क्रम का, याचे उत्तर मुंबईत सापडले. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली; त्यांचा निबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. केस धुताना त्यांतली प्रथिने निघून जातात. ती हानी तिघांपैकी फक्त खोबरेलाने कमी झाली, आणि धुण्याआधी लावले तरी झाली. लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या आत शिरतो. बाकीची तेले बाहेरच राहतात. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हेही वाचकाने जाणून घ्यावे, म्हणून लिहितो. निष्कर्ष केस तुटण्यापासून वाचवण्याबद्दलचा आहे. टकलावर केस उगवण्याबद्दल त्यात काही नाही, आणि माका, ब्राह्मी, जास्वंद घालून उकळलेल्या घरगुती तेलांबद्दल तसा दावा करणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. ती तेले थंडावा देतात, वास छान असतो, केस मऊ राहतात. त्यासाठी ती जरूर करावीत.

बाळाच्या मालिशीबद्दलही पुरावा आहे, आणि तोही जवळचाच. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी नवजात बाळांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात खोबरेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या मानाने अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. फिलिपिन्समध्ये इसबाच्या मुलांवर व्हर्जिन खोबरेल वापरून पाहिले, तिथेही कातडीचा कोरडेपणा कमी झाला. म्हणजे बाळाला ऊबदार हातांनी तेल चोळणारी आजी योग्यच करत होती. मात्र तिच्या काही सवयी आता सोडायला हव्यात. बाळाच्या नाकात-कानात तेल घालू नये. ताज्या भाजलेल्या जागेवर तेल लावू नये. तिथे आधी भरपूर गार पाणी. डोक्यात कोंडा झालेला असेल तर तेल थापून रात्रभर ठेवल्याने तो बरा होत नाही, कित्येकदा वाढतो. परंपरेवर प्रेम असणाऱ्यानेच तिच्यातले चुकीचे काढून टाकावे. परक्याने काढले की सगळेच फेकले जाते.

टाचांच्या भेगांना आमच्याकडे खोबरेलापेक्षा भिंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, अधिक मानतात. दिव्याला पूर्वी उंडीचे, करंजाचे तेलही जळत असे. सगळे भार खोबरेलावर टाकलेले नव्हते, हे या पुस्तिकेत जागोजागी दिसेल. डिचोलीच्या कंसारांच्या पितळी समया नावाजलेल्या आहेत. त्यांत देवापुढे जळणारे तेल मात्र शक्यतो घरच्या माडाचे असावे, अशी भावना होती.

हिवाळ्यात बाटलीतले तेल गोठते. साधारण २४ अंशांखाली ते थिजू लागते आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे डिचोलीत पारा त्याखाली सहज उतरतो. शहरात वाढलेली मुले अशी बाटली बघून तेल खराब झाले म्हणतात. ते खराब नाही, उन्हात ठेवा. उलट ऐन थंडीत जे मुळीच गोठत नाही त्याचा संशय घ्यावा. फ्रिजमध्ये ठेवून पाहण्याची युक्तीही लोकांना ठाऊक आहे: खनिज तेल किंवा दुसरे पातळ तेल मिसळलेले असेल तर ते वेगळे, पातळ राहते. पण पाम वृक्षाच्या बियांचे तेल मिसळले असेल तर ही युक्ती फसते, कारण तेही खोबरेलासारखेच थिजते. खात्रीचा मार्ग एकच, तेल कुठून आले ते माहीत असणे.

आणि तेच आता अवघड होत चालले आहे. माडावर चढणारे हात कमी झाले. पाडेल्याची मुले त्या कामात राहिली नाहीत आणि त्यांनी का राहावे, कमरेला दोर न बांधता चाळीस-पन्नास फूट चढण्याचे ते काम. नारळ विकास मंडळाने यंत्राने चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले, पण ते शिकून गावात टिकणारे थोडे. खेती, म्हणजे माकडे, आणि शेकरू कोवळे नारळ फोडून टाकतात. डिचोली-सत्तरीचा बागायतदार याने कंटाळून गेला आहे. खाणींच्या भरभराटीच्या वर्षांत अनेक घरांनी कुळागराकडे पाठ फिरवून खनिज वाहायला ट्रक घेतले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा ट्रक अंगणात उभे राहिले आणि कुळागरात झुडपे माजली होती. २०१६ साली गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातून माड वगळला गेला, तेव्हा मोठा विरोध झाला. पुढच्याच वर्षी सरकारने तो निर्णय फिरवला आणि माडाला राज्यवृक्षाचा मान दिला. मान मिळाला, ठीक झाले. माडावर चढणारा मात्र अजून शोधावाच लागतो.

भावाची गोष्ट तर ताजी आहे. २०२५ साठी केंद्राने तेलाच्या खोबऱ्याला क्विंटलमागे ११,५८२ रुपये हमीभाव ठरवला होता. त्या वर्षी बाजारभाव त्याच्या कितीतरी वर गेला आणि खोबरेल घेणाऱ्याचा हात आखडला. अशा दिवसांत भेसळ वाढते, आणि परसातला दुर्लक्षित माड पुन्हा मोलाचा वाटू लागतो. हीच वेळ आहे.

या पुस्तिकेतल्या कृती वाचून संपवण्यासाठी लिहिलेल्या नाहीत. येत्या फेब्रुवारीत घरच्या नारळांतले वीस-पंचवीस बाजूला काढा, वाळवा आणि जवळच्या घाण्यावर स्वतः उभे राहून तेल काढून आणा. माड नसेल तर बुधवारच्या डिचोलीच्या बाजारात विकायला बसलेल्या बाईंकडून नारळ घ्या आणि कुठल्या गावचे ते विचारा. तेल आणले की बाटलीवर तारीख लिहा, कोरड्या चमच्याने घ्या, आणि स्वयंपाकघरातली बाटली व न्हाणीतली बाटली एकाच डब्यातून भरा.